‘ती’ लिहिलेली कॅसेट

१३ जानेवारी, बुधवार

ती. आत्यास,

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी, चार वाजून दहा मिनिटांनी, तिने काउंटरवर घडी घातलेला एक कागद ठेवला आणि माझं सगळं बदललं. वेळ पक्की आठवते, कारण त्याच वेळी मी कॉलेजात प्रॅक्टिकलला असायला हवा होतो.

इथपर्यंत वाचून तू चष्मा पुसशील आणि ‘मेल्या’ म्हणशील. म्हण. पण पुढे वाच.

कॉलेज सोडलं. बाबांकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहितोय. ती दर मंगळवारी चारला येते आणि प्रॅक्टिकलही मंगळवारी चारलाच. तीन मंगळवार बुडाले, दर वेळी कुणीतरी नातेवाईक गेल्याचं सांगून. चौथ्या वेळी सरांनी भर वर्गात विचारलं, ‘‘आज कोण गेलं?’’ मी म्हटलं, ‘‘माझं डोकं गेलं,’’ आणि बाहेर पडलो. दार असं आपटलं की जिन्यावरचा शिपाई उठून उभा राहिला. तू असतीस तर आतून ओरडली असतीस, ‘‘दार आपटू नकोस रे!’’ खरं सांगू, जिन्यावर मला तुझाच आवाज ऐकू आला.

आधी फावल्या वेळात जायचो त्या कॅसेटच्या दुकानात आता दिवसभर असतो. बाहेर पाटी आहे, ‘कॅसेट भरून मिळेल’. लोक गाण्यांची यादी देतात, आम्ही ती गाणी शोधून कॅसेटवर उतरवतो. मालकांना सगळे खरखरकाका म्हणतात, कारण काहीही ऐकवलं तरी ते डोळे मिटून म्हणतात, ‘‘खरखर आहे.’’ दुकानाच्या वरचीच खोली त्यांनी मला राहायला दिलीय.

तर तिचा कागद. जसा होता तसा उतरवतो:

लष्करी बँड, कुठलाही चालेल, ट्रम्पेट मोठा हवा. पाळणागीत, बाईच्या आवाजात, वाद्य नको. पियानोवरचं जॅझ, संथ. केस वाढवलेल्या मुलांचं ओरडण्याचं गाणं. नावाड्यांचं गाणं. आगगाडीच्या इंजिनाचा आवाज, मिळाल्यास.

आत्या, इंजिनाचा आवाज! संगीताच्या यादीत! तुला माहीत आहे ना, मला आयुष्यभर लोक काय विचारत आले ते? ‘‘तुला नक्की आवडतं तरी काय?’’ वसतिगृहातला माझा सोबती म्हणायचा, ‘‘तुझे कान आहेत की बस स्टँड? कुणीही येतं, कुणीही जातं.’’ शास्त्रीयवाल्यांना मी उथळ वाटतो, रॉकवाल्यांना म्हातारा. आणि इथे एक मुलगी, पांढरा कोट हातावर टाकून, तोच गोंधळ व्यवस्थित अक्षरात लिहून आणते. दर आठवड्याला नवीन. तिच्याशी आजवर माझं बोलणं एवढंच झालंय: ‘‘कधी मिळेल?’’ ‘‘मंगळवारी.’’

तुझ्या खोलीतला तो रेडिओ आठवतो. आई गेल्यावर सात वर्षं मी त्याच्याखाली झोपलो. स्टेशन लावायची खुंटी तुटलेली, त्यामुळे काट्याला धरबंद नव्हता. तू शिलाईचं मशीन चालवलंस की रेडिओची फळी हादरायची आणि काटा सरकायचा. बँड चालू असताना मध्येच कुठल्या तरी देशातली बाई किंचाळायला लागायची, मग कुणीतरी अगम्य भाषेत हवामान सांगायचं, मग बासरी. मी काटा मागे न्यायला उठलो की तू मान वर न करता म्हणायचीस, ‘‘राहू दे. आलंय ते बसू दे.’’

मी असा झालो तो त्यामुळेच. आता तूच निस्तर.

फोन करणार होतो, पण तुझ्या शेजारणीने उचलला तर गल्लीभर होईल.

तुझा,
सरक्या


२२ जानेवारी

चि. सरक्यास आत्याचे आशीर्वाद आणि दोन धपाटे.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा घोटाळा झाला. वर ‘ती. आत्यास’ आणि खाली ओळीओळीला ‘ती’. ‘ती येते’, ‘तिचा कागद’. अर्धं पान मला वाटलं माझंच कौतुक चाललंय. पांढऱ्या कोटाशी आले तेव्हा ध्यानात आलं, की तीर्थरूप वरच राहिले आणि खाली भलतीच आहे.

कॉलेज सोडलंस ते वाईट केलंस. मी कारणं ऐकून घेत नाही. तुझं नाव मी सरक्या ठेवलं ते लाडाने ठेवलं होतं, तू ते धंद्यासारखं चालवायला घेतलंस. परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत अजून आहे का, ते बघ. दादाला मी काही सांगितलेलं नाही, पण तुझा बाप आहे तो, त्याला वासावरून कळतं.

आता मुलीचं. दोन महिने नुसतं ‘मंगळवारी, मंगळवारी’ करत बसलायस? अरे, गिऱ्हाइकाने बटण निवडायला एवढा वेळ घेतला असता तर अख्खा शर्ट शिवून झाला असता. विचारायचं ते विचार. हो म्हणाली तर बरं, नाही म्हणाली तर कॉलेजात जा. दोन्हीत तुझं भलंच आहे.

रेडिओचं म्हणशील तर आहे. फळीवरच आहे. तू पहिल्या पगारातून दिलेला टेपरेकॉर्डर मात्र मी फळीवरून काढून मशिनच्या टेबलावर घेतलाय, हाताशी बरा. काम चालू आहे. गिऱ्हाइकांना आता सांगून ठेवलंय, मापं आणि निरोप कागदावर लिहून द्या, तोंडी काही सांगू नका, माझ्या डोक्यात राहत नाही.

फोन नकोच. शेजारीण बोलावते, मला जिने उतरावे लागतात, आणि फोनवर बोलणं मला कधीच जमलं नाही. तू लिही. तुझं अक्षर घाणेरडं असलं तरी वाचता येतं.

आत्या


३ फेब्रुवारी, बुधवार

ती. (म्हणजे तूच) आत्यास,

विचारणार आहे. पण समोरासमोर नाही. समोर ती असली की माझी जीभ टाळ्याला चिकटते. मी कॅसेट भरलीय.

खरं तर दोन भरल्यात. एक तिची. त्यात माझं सगळं आहे, जे आजवर कुणापुढे एका वेळी मांडलं नाही. सुरुवातीला व्हायोलिन, एकटं. त्यावर लगेच ते ओरडणारे. मग एक म्हातारी शेतात गाते ते, मग विदूषकांच्या बँडचं. आणि ब बाजूच्या शेवटी चार मिनिटं मी बोललोय. सात वेळा खोडलं, आठव्यांदा ठेवलं. तरीही मध्ये मध्ये अडखळलोय. एका ठिकाणी तर इतका वेळ गप्प आहे की यंत्र बंद पडलं असं वाटावं. खरखरकाका बाहेर गेले होते म्हणून जमलं.

दुसरी तुझी. हिला मी ‘काट्याची’ असं नाव दिलंय. तुझा रेडिओ जसा सरकायचा तशीच भरलीय, आधी बँड आणि पुढे सगळी गाणी मध्येच तोडून. आठवतं तुझं? बँड लागला की तू लांब सरळ शिलाई घ्यायचीस, पाय तालात. बासरी लागली की बटणांची काजं. आणि ती किंचाळणारी बाई उंच सूर धरायची तेव्हा तू मशीन थांबवून सुईत दोरा ओवायचीस. तिचा श्वास संपायच्या आत ओवला गेलाच पाहिजे, अशी तुझी पैज होती. मी खाली बसून मोजायचो. तू एकदाही हरली नाहीस. तो सूर मला तीन दुकानं पालथी घातल्यावर सापडला. शेवट केलाय नावाड्यांच्या गाण्याने, दहा जण एकदम.

दोन्ही कॅसेटा काउंटरवर ठेवल्यात. तिच्या कॅसेटवर ‘ती’ लिहिलंय, नाव मला अजून माहीत नाही. तुझ्या कॅसेटवर काही लिहिलेलं नाही. मला माल आणायला जायचंय, म्हणून काकांना सांगितलंय, ‘‘आत्याची या पत्रासोबत पोस्टात टाका, दुसरी कागदात बांधून खणात ठेवा.’’ तेवढं त्यांना जमेल.

येत्या मंगळवारी तिला देणार. काय बोलून द्यायची ते आत्तापासून घोकतोय.

सरक्या


१२ फेब्रुवारी

चि. सरक्यास आशीर्वाद.

कॅसेट मिळाली. वर नुसतं ‘ती’ लिहून तेवढ्या जागेतही मान ठेवलास, बरं वाटलं. शेजारणीलाही दाखवली.

दोन्ही बाजू ऐकल्या. काम बाजूला ठेवून ऐकल्या. बँड मला जरा दमलेला वाटला. पूर्वी कसा पायात शिरायचा, आता कुठल्या कुठे गेला. वयच झालं असेल त्याचं. मधले काही तुकडे मात्र दणकून आहेत.

पण एक विचारायचंय. दुसऱ्या बाजूला अगदी शेवटी जे वाद्य आहे ते कुठलं रे? एकटंच आहे, साथीला कुणी नाही. वाजवणारा मध्येच थांबतो, पुन्हा धरतो, पुन्हा सुटतं. एकदा तर एवढा थांबला की मला वाटलं संपलंच. घाबरलाय बिचारा. पण असं जीव तोडून वाजवणं मी फार वर्षांत अनुभवलं नव्हतं. तेवढंच तीनदा लावलं. त्याला भेटलास तर सांग, की एका म्हाताऱ्या शिंपिणीला तो आवडला.

तिला दिलीस का? काय म्हणाली?

आत्या


२३ फेब्रुवारी, मंगळवार

आत्या,

वर ‘ती.’ लिहिण्याच्या मनःस्थितीत नाही.

नऊ तारखेला पुडकं दिलं. म्हटलं, ‘‘ही यादीतली नाही. माझ्याकडून.’’ ती हसली आणि घेऊन गेली. सोळाला आली, यादी ठेवली, गेली. मी आठवडाभर जेवलो नाही नीट. आज आली. मी धीर करून विचारलं, ‘‘ऐकलीत?’’

म्हणाली, ‘‘हो, फारच छान. आमच्याकडे सगळ्यांना आवडली.’’

सगळ्यांना!

मी म्हटलं, ‘‘सगळ्यांना म्हणजे?’’ तर म्हणे, ‘‘आमचे एक आजोबा तर शेवटी रडले. आता रोज तीच लावा म्हणतात.’’ आणि घड्याळ बघून निघून गेली.

मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाशी एवढं खरं बोललो, तर तिने ते घरात चारचौघांत लावलं! आजोबांना ऐकवलं! रोज लावतात! तेव्हापासून मी दुकानातल्या तीन खुर्च्यांना लाथा घातल्या. काका म्हणाले, ‘‘डोक्यात खरखर आहे तुझ्या.’’

उद्या जाऊन तोंडावर विचारणार. यादीच्या पाठीमागे नुसता पत्ता छापलेला आहे.

आणि तुझ्या कॅसेटच्या शेवटी एकटं वाद्यबिद्य काही नाही. दहा नावाडी आहेत, एकदम गातात. बँडही चांगला खणखणीत आहे, मी स्वतः यंत्राचं हेड पुसून भरलाय. कान तपासून घे एकदा.

सरक्या


२५ फेब्रुवारी, गुरुवार

आत्या,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितोय, कारण राहवत नाही.

काल गेलो. चढावर एक पिवळी बैठी इमारत. मला वाटलं होतं तिचं घर. फाटकावर पाटी होती म्हाताऱ्यांच्या दवाखान्याची. लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना खुर्च्या, खुर्च्यांवर दहा-बारा म्हातारे. मध्ये ती, पांढरा कोट घालून, बाह्या वर करून उभी. टेबलावर टेप. आणि टेपमधून, आत्या, तुझी किंचाळणारी बाई.

बाईने सूर धरला आणि ती मुलगी म्हणाली, ‘‘हात वर! बाई थांबेपर्यंत खाली नाही आणायचे!’’ आणि सगळ्यांचे हात वर. थरथरणारे, वाकडे, एकाचा निम्म्यापर्यंतच. सूर संपेपर्यंत एकानेही खाली आणला नाही. मी दारातच उभा राहिलो.

मग तिचं लक्ष गेलं. ‘‘अरे, कॅसेटवाले! तुम्ही इकडे?’’

‘‘माझं बोलणं सगळ्यांना ऐकवलंत,’’ मी म्हटलं. पण तोवर माझ्याच कानांनी मला खोटं पाडलं होतं.

‘‘कसलं बोलणं? यात कुठे बोलणं आहे?’’

खुर्चीतून एक आजोबा म्हणाले, ‘‘बाई, हा नवीन पेशंट का?’’

शेजारच्या आजी म्हणाल्या, ‘‘डोक्याचा दिसतो.’’

तिने मला बाहेरच्या बाकावर बसवलं, पाणी दिलं. सांगितलं. इथे ती हातापायांचे व्यायाम घेते. नुसतं ‘हात उचला’ म्हटलं की कुणी उचलत नाही. आपापलं गाणं लागलं की उचलतात. बँडवर सैन्यातले आजोबा गुडघा उचलतात. पाळणागीतावर एक आजी उशी मांडीवर घेऊन खांदे हलवतात. ओरडणाऱ्या मुलांचं गाणं एका ब्याऐंशी वर्षांच्या बाईंचं, नातू पलीकडच्या खोलीत दिवसभर लावायचा, तो आता फार लांब असतो. इंजिनाचा आवाज एका आजोबांचा, ते इंजिन ड्रायव्हर होते. त्याशिवाय त्यांची बोटं मिटत नाहीत. म्हणजे ती यादी एकटीची नव्हतीच, आत्या. बारा जणांची होती. मी बारा म्हाताऱ्यांच्या प्रेमात पडलो.

मी विचारलं, ‘‘आणि तुम्हाला? तुम्हाला काय आवडतं?’’

म्हणाली, ‘‘मला? शांतता. दिवसभर कान किटतात हो. घरी गेले की पंखासुद्धा बंद करते.’’

असं म्हणून ती जी हसली त्यावरून सांगतो, माझं काही कमी झालेलं नाही. उलट वाढलं. पण ते असू दे.

दुकानात येऊन काकांना धरलं. ‘‘आत्याची कुठली पाठवलीत?’’

‘‘जिच्यावर लिहिलं होतं ती. ‘ती’. म्हणजे तीर्थरूप. आत्या तीर्थरूप नाहीत का तुझ्या?’’

‘‘पण टिंब कुठे होतं? ‘ती’पुढे टिंब नव्हतं काका!’’

‘‘आजकालची पोरं टिंब देतात कुठे!’’

म्हणजे माझी कॅसेट तुझ्याकडे आली. ती चार मिनिटं तुझ्याकडे आली. आणि तू लिहितेस ‘दोन्ही बाजू ऐकल्या’. लिहितेस ‘वाद्य कुठलं रे’. लिहितेस ‘घाबरलाय बिचारा’. तीनदा लावून ऐकलंस! माझी एवढी चेष्टा? मी तिच्याबद्दल काय काय बोललो, आईबद्दलही बोललो, आणि तू त्याला वाद्य म्हणून मोकळी झालीस? सरळ लिहायचं होतंस, की मूर्खा, चुकीची कॅसेट आली. आजवर तू माझ्यावर रागावलीस, मारलंस, पण हसली नव्हतीस कधी.

पुढे काय लिहू?


४ मार्च

सरक्या,

तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. वाचून मशीन बंद केलं आणि सगळी दुपार नुसती बसून राहिले. आज हे लिहायला घेतलं.

कान तपासून घे म्हणालास. घेतले होते, दोन वर्षांपूर्वी. गणवेशांच्या कारखान्यात चाळीस मशिनींमध्ये बारा वर्षं काढली, त्याचं ते आहे असं डॉक्टर म्हणाले. आधी डावा गेला, मग उजवा. गेल्या पावसाळ्यापासून काही म्हणजे काही नाही. माझं मशीनसुद्धा मला ऐकू येत नाही. सुई चालली की नाही ते कापडावर बघून कळतं.

तुला सांगितलं नाही. दादालाही नाही. तू दर पत्रात गाण्यांबद्दल लिहायचास. ते बंद झालं असतं. लोक बहिऱ्याशी हवापाण्याचं बोलतात रे, गाण्याचं नाही बोलत. म्हणून खोटं बोलत राहिले. ती चेष्टा नव्हती, उलट लाज वाटत होती.

पण ऐकलं म्हणाले ते पूर्ण खोटंही नाही. टेप मशिनच्या टेबलावर ठेवते आणि त्यावर तळहात ठेवते. ढोल, बँड, इंजिनासारखं काही असलं की मनगटापर्यंत येतं. बारीक आवाजाचं काही लागत नाही. तुझी कॅसेट लावली, तू लिहिलं होतंस आधी बँड आहे म्हणून, आणि हाताला जेमतेम मुंगी चालल्यासारखं झालं. मी घाबरले. वाटलं, आता हातही बहिरा व्हायला लागला. तुझं पत्र येईपर्यंत तीन आठवडे मी हे मनात घेऊन बसले होते. आता कळलं, तो बँड नव्हताच, व्हायोलिन होतं! मेल्या, तुझ्या त्या काकांना माझा नमस्कार सांग. चुकून का होईना, माझा हात मला परत दिला.

आणि शेवटचं. मला खरंच वाद्य वाटलं. शपथ. काहीतरी थरथरत होतं, थांबत होतं, पुन्हा हाताला लागत होतं. ते तू होतास होय? तू चार वर्षांचा होतास, ताप आला की माझ्या छातीवर झोपून बडबडायचास, शब्द कळायचे नाहीत पण सगळं अंगात उतरायचं. तसंच होतं ते. काल पुन्हा लावलं, आता माहीत असून. आईबद्दल कुठे बोललास ते मला वाटतं कळलं. जिथे तू खूप वेळ थांबलास, त्याच्या नंतर लगेच.

काय बोललास ते शब्दांनी मला ठाऊक नाही. पण शिंप्याच्या हाताला कापड खरं की भेसळीचं ते कळतं. ते खरं आहे. त्या मुलीला समोर सांग. तिला शांतता आवडते ना? मग तू अडखळलास तर तिचं काही बिघडणार नाही.

रेडिओ फळीवर आहे तसाच आहे. मशीन चाललं की काटा अजून सरकतो. मी बघते त्याच्याकडे.

आणखी एक. जन्मभर तुला ‘दार आपटू नकोस’ म्हणत आले. आता कधी आलास तर आपट. जोरात आपट. पाठमोरी असले तरी मला फरशीतून कळेल, कोण आलं ते.

आत्या


१० मार्च, बुधवार

ती. आत्यास,

या पत्राला तिकीट लावलेलं नाही. हे मी हातातून देणार आहे.

तुझं पत्र सोमवारी आलं. ते कसं वाचलं ते लिहीत नाही. काका समोर बसले होते. त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटले, आणि पहिल्यांदाच खरखर आहे असं म्हणाले नाहीत. उठून आतल्या फडताळातून एक जुना, जाड पेटीचा स्पीकर काढला आणि म्हणाले, ‘‘याचा खालचा सूर पोटात लागतो. घेऊन जा. आणि मी तीर्थरूप वाचलं ते बरोबरच वाचलं, कळलं?’’ कालची सगळी सकाळ बसून मी नवी कॅसेट भरली. सगळी तळातली गाणी. ढोल, ट्यूबाचा पितळी घुमारा, जहाजाचा भोंगा, तबल्याचा डग्गा, चर्चच्या पेटीचे खालचे सूर, आणि ड्रायव्हर आजोबांचं इंजिन. एकमेकांशी कुणाचंच जमत नाही. हाताला मात्र सगळी लागतील.

मग चार वाजून दहा मिनिटांनी ती आली. मी सगळी यंत्रं बंद केली. दुकान असं शांत कधी नव्हतं. ती म्हणाली, ‘‘बंद आहे का?’’

मी म्हटलं, ‘‘नाही. तुम्हाला आवडतं म्हणून.’’

आणि आत्या, तिथेच जीभ चिकटली. तू लिहिलेलं सगळं आठवत होतं, तरी चिकटली. शेवटी एवढंच म्हणालो, ‘‘तुमच्याकडे गेली ती कॅसेट माझ्या आत्याची. तुमची तिच्याकडे गेली.’’

‘‘मग काय होतं माझ्यात?’’

‘‘बरंच. आणि शेवटी एक वाद्य आहे. वाजवणारा घाबरलेला आहे.’’

मंद नाही ती, तिला कळलं. मग तिने पेन मागितलं, आणि आणलेल्या यादीच्या तळाशी, बारा जणांच्या बारा ओळींखाली, तेराव्या ओळीत लिहिलं. तसंच उतरवतो:

‘ती’ कॅसेट, फक्त शेवटचं वाद्य. माझ्यासाठी.

आणि म्हणाली, ‘‘कधी मिळेल?’’

मी म्हटलं, ‘‘मंगळवारी.’’

तेव्हा ती कॅसेट न्यायला येतोय. तुला ती द्यावी लागेल. पण द्यायच्या आधी एकदा लाव. तू हात टेबलावर ठेव, मी तुझ्यासमोर बसेन, आणि ते सगळं चार मिनिटांचं तोंडाने बोलेन, हळूहळू, तू ओठांवर वाचशील असं. माझ्या आवाजाबरोबर माझेच ओठ. अडखळतो तिथे दोन्हीकडे अडखळेन. आईबद्दल नेमकं काय म्हणालो ते तुला माहीत हवं. सात वर्षं तू जे केलंस त्याबद्दलही त्यात आहे. ते मी तुझ्यापुढे कधी बोललो नसतो. काकांनी नसलेलं टिंब वाचलं म्हणून बोललो.

दिवसभर मशीन चालव. काटा कुठे कुठे सरकतो ते मी तुला कागदावर लिहून सांगत जाईन. आत्ता बँड. आत्ता बासरी, काजं घे. आत्ता बाईने सूर धरलाय, ओव सुई. मी मोजतो.

फॉर्म भरला. मुदतीला चार दिवस होते. सरांनी दार आपटल्याबद्दल माफी मागायला लावली, मागितली. बाबांना रविवारी सांगितलं. ते म्हणाले, ‘‘वास आला होता.’’

आता दुपारची बस आहे. स्पीकर दोरीने बांधून खांद्याला अडकवलाय, नवी कॅसेट आणि हे पत्र वरच्या खिशात. खोलीत काही चालू नाही, खालून काकांच्या यंत्राची बारीक खरखर तेवढी येतेय. उठतो. निघालो. इथलं दार अगदी हळू ओढून घेतो. आपटायचं ते तुझ्याकडे.